सुक्या गवतावर दोनशे गाड्या

शिट्टीताईचं खरं नाव विचारलंत, तर गावातली निम्मी माणसं डोकं खाजवतील. एकोणतीस वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती. घंटीची दोरी तुटली की बाकीचे कंडक्टर पत्र्यावर थापा मारायचे. ही मात्र दोन बोटं तोंडात घालायची आणि अशी शिट्टी मारायची की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा भर चौकात तिच्या शिट्टीसरशी तिची बस थांबली, मागची थांबली आणि समोरून येणारा दूधवालाही सायकलवरून उतरला. निवृत्तीच्या समारंभात डेपो मॅनेजरने हा किस्सा रंगवून सांगितला, तेव्हा ती खुर्चीतूनच म्हणाली, "उतरला नव्हता साहेब, पडला होता. गुडघा फुटला त्याचा. मीच दवाखान्यात नेला."

लग्नानंतर सहा वर्षांत तिचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हा ती धाकट्या भावाकडे राहायला आली ती कायमचीच. भाऊ मेकॅनिक. खाली दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, वर दोन खोल्या आणि कपडे वाळत घालण्यापुरती गच्ची. भावाने लग्न केलं नाही. कुणी छेडलं तर म्हणायचा, "इंजिन बिघडलं तर का बिघडलं ते उघडून बघता तरी येतं." त्याच्या हातांना कायम ग्रीसचा वास. ताई जेवायला वाढताना रोज एकच प्रश्न विचारायची, "हात धुतलेस का?" आणि तो पन्नाशी उलटून गेली तरी हात उलटे-पालटे करून दाखवायचा.

दर उन्हाळ्यात गावाबाहेरच्या तळ्यावर चार दिवसांचा मेळा भरायचा. होड्यांच्या शर्यती, बँड, मोठे पाळणे, आइस्क्रीमच्या गाड्या, झाडांखाली चादरी पसरून बसलेली कुटुंबं. आसपासच्या पन्नास मैलांतून लोक गाड्या काढून यायचे. निवृत्तीनंतर मेळ्याच्या कमिटीने ताईला गाड्या लावून घेण्याचं काम दिलं, आणि ते तिला इतकं मानवलं की सात वर्षं तिने ते कुणाला करू दिलं नाही.

तिच्या जोडीला एक निवृत्त पोस्टमन होता. काडीसारखा बारीक, अडुसष्ट वर्षांचा, पण चाल अजून टपाल वाटायला निघाल्यासारखी. त्याला गावातली प्रत्येक गाडी घराच्या पत्त्यासकट पाठ. "ही निळी? टेकडीवरच्या तिसऱ्या घरातली. यांचं कुत्रं मला दोनदा चावलंय." ताई म्हणायची, "मग तिला उन्हात लाव." आणि दोघं तोंडं फिरवून हसायचे.

मेळ्याच्या आधी पंधरा दिवस भावाच्या दारात रांग लागायची. हिवाळाभर शेडमध्ये पडून असलेल्या गाड्या लोकांना एकदम आठवायच्या. भाऊ प्रत्येक गाडी सारख्याच क्रमाने बघायचा: रेडिएटरचं पाणी, पट्टा, बॅटरी, टायरची हवा, ब्रेक, आणि शेवटी जमिनीवर आडवा होऊन गाडीचं पोट. गिऱ्हाईक म्हणायचं, "एसी तेवढा गार करून द्या, बाकी ठीक आहे." भाऊ गाडीखालूनच उत्तर द्यायचा, "थंडीत गाडी नुसती कुरकुरते. दगा देते ती उन्हाळ्यात."

त्या वर्षीचा उन्हाळा सुरुवातीपासूनच वेगळा होता. नऊ आठवडे पावसाचा थेंब नव्हता. तळं काठापासून वीस पावलं मागे सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. ताईच्या गच्चीवर ओले कपडे टाकून खाली येईपर्यंत पहिला टॉवेल वाळलेला असायचा. पक्षी सकाळी थोडा वेळ ओरडायचे आणि मग दिवसभर कुठे जायचे कोण जाणे. गावातली म्हातारी माणसं आकाशाकडे बघून काही बोलत नव्हती, आणि तेच ताईला खटकत होतं. म्हातारी माणसं एरवी कशावरही बोलतात.

गाड्या लावायला दोन मैदानं होती. वरचं खडीचं, लहान. खालचं गवताचं, चांगलं मोठं, तळ्यापर्यंत उतरत गेलेलं. दर वर्षी मेळ्याआधी ठेकेदार यंत्र आणून खालचं गवत कापायचा आणि उचलून न्यायचा. या वर्षी त्याचं यंत्र मोडलं. मेळा आठवड्यावर आला तेव्हा ताई आणि पोस्टमन मैदान बघायला गेले. गवत गुडघ्यापर्यंत, पिवळंधमक. ताईने एक काडी मोडली. कट् असा आवाज आला. तिने मूठभर गवत हातात घेऊन चुरगळलं, तर त्याचा भुसा झाला आणि वाऱ्याबरोबर उडाला.

"इथे एकही गाडी लावायची नाही," ताई म्हणाली.

पोस्टमनने खिशातली बिडी चाचपली आणि तशीच ठेवली. मग म्हणाला, "माझ्या तर बिडीचीसुद्धा हिंमत होत नाही इथे."

ताई कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे बाजारातल्या फर्निचरच्या दुकानाचा मालक. माणूस वाईट नव्हता. मेळा दोन वर्षं थंड पडला होता. तो पुन्हा उभा राहावा म्हणून याने रात्रीचा दिवस केला होता. डोळे लाल, दोन फोन, आणि दुकानभर होड्यांच्या शर्यतीची निशाणं पडलेली.

"ताई, ठेकेदार उद्या येतोय."

"हे तुम्ही मागच्या आठवड्यात पण म्हणालात."

"या वेळी नक्की."

"आणि नाही आला तर?"

"तर वरच्या मैदानावर भागवू. तुम्ही आहात ना, तुमच्या शिट्टीपुढे गाड्या आपोआप लहान होतात."

तो हसला. ताई हसली नाही. घरी येऊन तिने एका कागदावर लिहून काढलं: खालच्या मैदानात गवत कापल्याशिवाय गाड्या लावणं धोक्याचं आहे, मी लावणार नाही. खाली सही केली, पोस्टमनची सही घेतली आणि कागद सेक्रेटरीच्या हातात दिला. त्याने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला.

ठेकेदार आला नाही. मेळ्याच्या पहिल्या सकाळी ताईने दोन्ही मैदानांच्या मधल्या खांबांना जाड दोर बांधला. पहिले दोन दिवस वरच्या मैदानावर कसंबसं भागलं. खरी गर्दी तिसऱ्या दिवशी असायची, सुटीच्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅरेजमध्ये एक राखाडी गाडी आली. सेक्रेटरीचा जावई, शहरातून मेळ्यासाठी आलेला. गाडी थांबल्यावरही थरथरत होती, हुडहुडी भरल्यासारखी. भावाने इंजिन दोन मिनिटं ऐकलं, मग खाली आडवा झाला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"गाडी मिसिंग करतेय," तो बाहेर येऊन म्हणाला. "एका सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल गेलीय. नवीन परवा मिळेल. तोवर गाडी इथेच राहू द्या."

"परवा? अहो मामा, उद्या आम्हाला मेळ्याला जायचंय."

"ऐका माझं. जे पेट्रोल आत जळत नाही ते मागे सायलेन्सरच्या नळीत जातं आणि या डब्यात पेटतं. डबा निखाऱ्यासारखा लाल होतो. त्याच्याखालचा पत्रा उष्णता अडवतो, तर तोही गंजून लोंबतोय."

जावई हात जोडायच्या बेतात आला. "फक्त सहा किलोमीटर. जायचं आणि यायचं. आजेसासूबाई नव्वदीच्या आहेत, बसमध्ये चढवत नाही त्यांना. काल सकाळपासून नवी साडी काढून बसल्यात. काहीतरी तात्पुरतं करा ना."

भावाला म्हाताऱ्या माणसांचा फार लळा. त्याने प्लग बदलला. लोंबणारा पत्रा तारेने आवळून बांधला. "हळू चालवा. थांबलात की डांबरावर नाहीतर खडीवर थांबा. परवा सकाळी सगळ्यांत आधी इथे या," असं तीन वेळा बजावून त्याने किल्ली दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचा चहा कपातच गार झाला. ताईने विचारलं, "काय झालं?"

"काल एक गाडी सोडली. सोडायला नको होती."

"कुणाची?"

"सेक्रेटरीच्या जावयाची. राखाडी आहे. आली तर खडीवर घे तिला." कप खाली ठेवताना तो म्हणाला, "वाराही सुटलाय आज."

ताईने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घराचा पडदा आत-बाहेर होत होता. नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच वारा आला होता, आणि तो भट्टीचं दार उघडल्यासारखा गरम होता.

अकरा वाजेपर्यंत वरचं मैदान भरलं. तरी गाड्या येतच होत्या. रांग फाटकापासून गावाकडच्या पुलापर्यंत गेली, मग पुलावर, मग पुलापलीकडे. हॉर्न वाजत होते. एका गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघाली, मग दुसरीच्या. एक बाई कडेवरच्या मुलाच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतत चालत आली आणि ताईच्या अंगावर ओरडली, "एवढं मोकळं मैदान ठेवून आम्हाला उन्हात भाजताय का?"

सेक्रेटरी धावत आला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"ताई, दोर सोडा."

"नाही."

"पुलावर गाड्या उकळताहेत. दोन मुलांना चक्कर आली. एखादं दगावलं तर? मागे वळायला जागा नाही कुणाला. दोर सोडा ताई, पाया पडतो."

ताईने पोस्टमनकडे बघितलं. पोस्टमनने पुलाकडे बघितलं. तिथे खरंच माणसं गाड्यांच्या सावलीला रस्त्यावर बसली होती. एकीकडे गवत, एकीकडे ती मुलं. इकडे आड तिकडे विहीर. पुढे आयुष्यभर ताई हा क्षण आठवत राहिली, आणि दर वेळी तिला आठवायचं ते हे, की सेक्रेटरीने दोराला हात लावला नव्हता. गाठ तिने स्वतःच्या बोटांनी सोडली.

जेवढी काळजी घेता येईल तेवढी तिने घेतली. मधोमध दोन बस जातील एवढा रस्ता मोकळा ठेवला. सगळ्या गाड्या तोंड बाहेर करून लावल्या. पोस्टमन प्रत्येक खिडकीशी वाकून सांगत होता, "इंजिन बंद. सिगारेट नाही. गाडीत कुणी थांबायचं नाही." ताईची शिट्टी सारखी चालू होती. पुढे घ्या, मागे घ्या, थांबा. दोन वाजेपर्यंत खालच्या मैदानात दोनशे गाड्या उभ्या राहिल्या. पुलावरची रांग संपली. लोक हसत-खिदळत तळ्याकडे गेले. बँड सुरू झाला. सेक्रेटरीने लांबूनच तिला हात जोडले. तरी ताईच्या जिवात जीव येईना.

अडीचच्या सुमाराला राखाडी गाडी आली. ती दिसायच्या आधी ताईला ऐकू आली. एकोणतीस वर्षं इंजिनाशेजारी काढलेल्या बाईला असा अडखळता आवाज कळतोच. तिने गाडी फाटकातच थांबवली.

"ही खाली न्यायची नाही. इथेच रस्त्याच्या कडेला, डांबरावर लावा."

मागच्या सीटवर सेक्रेटरीची आई होती. एवढीशी झालेली, नवी साडी, मांडीवर पर्स. जावयाची बायको आधीच मुलांना घेऊन पुढे गेली होती.

"इथे उन्हात?" जावई म्हणाला. "आजींना बँडचा आवाज सोसत नाही, त्या थोडा वेळ गाडीतच पडणार आहेत."

"गाडीत कुणी थांबायचं नाही. त्यांना उतरवा, मी खुर्ची देते माझी."

"बरं, बरं," तो म्हणाला आणि गाडी कडेला घेऊ लागला. तेवढ्यात वरच्या मैदानात दोघांच्या गाड्या एकमेकींना घासल्या आणि आरडाओरडा झाला. ताई तिकडे गेली, पोस्टमनही मागोमाग. पाच मिनिटांत परत आली तेव्हा रस्त्याच्या कडेला राखाडी गाडी नव्हती. आजीही नव्हती. ताईला वाटलं, बरं झालं, घेऊन गेला असेल परत.

गाडी खालच्या मैदानाच्या टोकाला होती. तिथे तीन मोठी झाडं होती, दाट सावली होती, आणि गवत कमरेएवढं होतं, कारण तिकडे कुणी पाऊलही टाकलं नव्हतं. जावयाने आजींसाठी सावली शोधली. चारही काचा खाली केल्या, उशी दिली आणि दहा मिनिटांत येतो म्हणून गेला.

पहिल्यांदा वास आला. कपड्यावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा. ताईने मान वर केली. धूर नव्हता. ज्वाळाही दिसली नाही, भर उन्हात ज्वाळा दिसत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. झाडांखालची हवा फक्त हलत होती, पाण्यातून बघितल्यासारखी. मग त्या तिन्ही झाडांतून सगळे पक्षी एकदम उठले.

ताईने शिट्टी मारली. आयुष्यात मारली नव्हती एवढ्या जोराने, तीनदा. काठावरच्या चार-दोन माणसांनी वळून बघितलं आणि पुन्हा बँडकडे तोंड केलं. सकाळपासून शिट्ट्याच ऐकत होते ते. कुणाची तरी गाडी वाकडी लागली असेल.

"राखाडी!" पोस्टमन ओरडला. "झाडाखाली आहे राखाडी! म्हातारी आत आहे, हात दिसतोय खिडकीत!"

"थांबा—" ताई म्हणाली, पण तो निघाला होता. टपाल घेऊन निघाल्यासारखाच, वाकून, भराभरा, गाड्यांच्या मधून.

आता धूर दिसायला लागला, पिवळट, जमिनीलगत सरपटणारा. वाऱ्याने तो मैदानाकडे ढकलला. एका गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली आग जात होती, गवताचा हात धरून. पहिला टायर फुटला तेव्हा बँड थांबला. मग माणसं पळत सुटली, पण आगीपासून लांब नाही. आपापल्या गाड्या वाचवायला ती मैदानाकडेच येत होती.

ताईने दोर उचलला, एका खांबाला गुंडाळला आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेभोवती घेऊन दुसऱ्या खांबाशी उभी राहिली. "आत कुणी नाही जायचं!"

"माझी गाडी आहे आत!"

"जळू दे."

"तुझी आहे का, जळू दे म्हणायला?"

"नाही. पण तू आहेस ना कुणाचा तरी. मागे हो!"

लोकांनी शिव्या दिल्या. एकाने तिला ढकललं, एकाने दोर हिसडला. तिचा उजवा खांदा कट्कन निखळला, तरी तिने खांब सोडला नाही. दोन बँडवाले तिच्या बाजूला येऊन उभे राहिले, गळ्यात तुताऱ्या तशाच. मग आणखी चार माणसं आली. मागे टायर फुटत होते, काचा तडकत होत्या, आणि लोक हळूहळू दोर ढकलायचे थांबले. समोर जे दिसत होतं ते बघून कुणाचाच पाय पुढे पडेना.

मधल्या मोकळ्या रस्त्यावरून पोस्टमन येताना दिसला. पाठीवर आजी, मुटकुळं करून घेतलेली. तो पळत नव्हता. धूर त्याच्या छातीपर्यंत होता आणि तो त्यातून एकेक पाऊल टाकत येत होता. दोरापाशी आला, आजीला बँडवाल्यांच्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर बसला. त्याच्या भुवया जळाल्या होत्या.

आजी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझी पर्स राहिली. अहो, पर्स राहिली माझी."

अग्निशामक गाडी यायला बावीस मिनिटं लागली. एकसष्ट गाड्या जळाल्या. मधल्या मोकळ्या रस्त्यामुळे पलीकडची रांग वाचली. त्या संध्याकाळी सगळे म्हणत होते, नशीब, माणूस एकही गेला नाही.

पोस्टमन तीन आठवड्यांनी गेला. धुराने फुप्फुसं आतून भाजली होती, डॉक्टर म्हणाले. ताई रोज हॉस्पिटलमध्ये जायची, खांदा झोळीत बांधलेला. शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. एकदा त्याने तिच्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं. तिला ते वाचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारू म्हणून ती घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरची चादर बदललेली होती.

चौकशी लागली. सेक्रेटरी एका सकाळी गॅरेजमध्ये आला. दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. खिशातून त्याने ताईचा तो कागद काढला, घडीसकट.

"हा मी अधिकाऱ्यांना देणार आहे. दोर मीच सोडायला लावला, असं तुम्ही सांगा ताई. खरंच आहे ते. माझी आई त्या माणसाने वाचवली, आणि मी काय केलं..."

ताईने त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. भाऊ पाठ करून पाना पुसत उभा होता. एकच पाना, केव्हाचा.

सेक्रेटरी गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, गाडीत काय दोष होता, ते अजून कुणाला माहीत नाही. जावई बोलला नाही. गाडीचा तर कोळसा झालाय."

"मला माहीत आहे."

"तू... काही सांगणार आहेस?"

हा तिचा धाकटा. याला तिने बोट धरून शाळेत नेलं होतं. "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "पण मी सांगण्याआधी तू सांग. तुझं तू."

त्या दिवशी भाऊ जेवला नाही. हातही दाखवले नाहीत. त्यानंतर आठवडाभर दोघं एका घरात दोन भाडेकरूंसारखी राहिली. वरून खाली, खालून वर, आणि जिन्यात समोरासमोर आली की दोघंही बाजूला सरकायची.

चौकशीच्या दिवशी ताईला अधिकाऱ्यांनी विचारलं, "दोर कुणाच्या सांगण्यावरून सोडला?"

"सांगितलं सेक्रेटरींनी. सोडला मी. नाही म्हणायला तोंड होतं मला."

मग त्यांनी विचारलं, त्या गाडीबद्दल काही कल्पना होती का. ताई उत्तर द्यायला उठणार, तोच मागच्या बाकावरून भाऊ उभा राहिला. स्वच्छ शर्ट घातला होता त्याने. "त्यांना नका विचारू. गाडी माझ्या हातून गेली," तो म्हणाला, आणि कॉइलपासून तारेपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं, गाडी तपासताना जायचा त्याच क्रमाने.

गॅरेज सहा महिने बंद राहिलं. जावयावर खटला चालला. सेक्रेटरीने कमिटी सोडली. ताईला कुणी काही केलं नाही. काही लोक तिला रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायचे. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांतले काही तिला बघून रस्ता ओलांडायचे. तिला या दुसऱ्यांचंच वागणं जास्त पटायचं.

पाऊस झाल्यावर तळ्याकाठी सगळ्यांत आधी हिरवं झालं ते जळलेलं मैदान. राखेवर गवत असं तरारून आलं की बघत राहावं. मेळ्याच्या नवीन कमिटीने गाड्यांसाठी पुलाअलीकडे डांबरी जागा घेतली, फलक लावले, पाण्याचा टँकर उभा केला. सगळं रीतसर. खालच्या मैदानाशी आता कुणाचाच संबंध नव्हता, म्हणून ते कापायचंही कुणाला सुचलं नाही. उन्हाळा आला तेव्हा गवत ताईच्या छातीला लागत होतं, आणि रोज थोडं पिवळं होत होतं.

ताईने नगरपालिकेत तीन अर्ज दिले. कारकून म्हणाला, "तिथे तर आता पार्किंगच नाही मावशी. मग काळजी कसली?"

मेळा सुरू झाला. ताईला कुणी बोलावलं नव्हतं. ती दुपारी घरातली खुर्ची उचलून बसने गेली आणि मैदानाच्या कडेला जाऊन बसली. तासाभरात एक लाल गाडी डांबरी रस्त्यावरून वळली आणि गवताच्या तोंडाशी झाडाच्या सावलीत घुसू लागली. आत नवरा-बायको, मागे तीन मुलं, सगळ्यांचे चेहरे उन्हाने लालबुंद. परगावची माणसं होती. मागच्या वर्षीचं त्यांना काही माहीत नव्हतं.

ताई उठून खिडकीशी गेली. "इथे नका थांबू. पुलाअलीकडे जागा आहे."

"तिथे सावली नाही हो," बाई म्हणाली. "मुलांना जरा खायला देतो आणि निघतो. पाचच मिनिटं."

"एक मिनिटही नको."

नवऱ्याने तिच्याकडे नीट बघितलं. साधी म्हातारी बाई, एक खांदा जरा खाली गेलेला, हातात ना पावतीपुस्तक, ना बिल्ला.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्याने काच वर केली आणि गाडी आणखी दोन हात आत घेतली. चाकांखाली गवत कडाकडा मोडलं. ताई गाडीच्या मागून फिरून पुढे गेली आणि तिच्या नाकासमोर, त्या गवतात, खुर्ची टाकून बसली. इंजिन चालूच होतं. मुलं काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होती. मागे तळ्यावर बँड वाजत होता आणि वारा हळूहळू दिशा बदलत होता.